लग्नाचे हार आणि ओले गोणपाट

वैशाखातले लग्न तुम्ही पाहिले असेलच. सकाळी टवटवीत दिसणारे हार दुपारच्या मुहूर्तापर्यंत कोमेजतात. मग धावपळ करून दुसरे हार आणावे लागतात आणि खर्च दुप्पट होतो. म्हणून सजावट स्वस्तात करायची, तर आधी फुले टिकवायला शिकले पाहिजे.

खुडलेले फूल जिवंतच असते. त्याचे श्वसन चालू असते आणि पाकळ्यांतून पाण्याची वाफ होत असते. झाडावर असताना ही तूट मुळे भरून काढतात. गुच्छातल्या गुलाबाचा दांडा निदान पाण्यात ठेवता येतो. हारातल्या झेंडूला दांडाही नसतो. अंगातले पाणी हीच त्याची शिदोरी!

ही शिदोरी किती वेळ पुरेल, हे हवेवर अवलंबून असते. छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून दूर, पठारावर आहे. मे महिन्यात तेथे दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या आसपास जाते व हवा फार कोरडी असते. अशी हवा फुलांतले पाणी झपाट्याने शोषून घेते. पण गंमत अशी, की हीच कोरडी हवा आपल्या मदतीलाही येते.

माठातले पाणी गार का होते, ते आठवा. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. एवढी उष्णता काढून घेतली, तर ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी थंड होईल! हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन जलद आणि गारवा अधिक. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात फळे-भाज्यांसाठी विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार केला, तो याच तत्त्वावर. त्यात विटांच्या दुहेरी भिंतींमधली वाळू ओली ठेवतात.

आपल्याला बांबूची टोपली व गोणपाट पुरे. टोपली सावलीत, वारा लागेल अशी ठेवा. तिच्याभोवती व वर ओले गोणपाट गुंडाळा आणि ते सुकू देऊ नका. आत हार सैल ठेवा. फुलांवर मात्र पाणी ओतू नका, ती कुजतील.

गुच्छासाठी गुलाब थोडेच घ्या. दांडे पाण्यात बुडवून तिरपे कापा, म्हणजे जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरणार नाहीत. पाण्यात बुडणारी पाने काढा. ती कुजून जंतू वाढतात व जलवाहिन्या तुंबतात. बाकीची जागा त्या महिन्यात मुबलक मिळणाऱ्या फुलांनी भरा. तोरणाला आंब्याची पाने उत्तम, कारण त्यांवरील मेणचट थर पाणी राखतो. मात्र लग्नघरातल्या आंब्याच्या आढीजवळ फुले ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या एथिलीन वायूने बरीच फुले लवकर कोमेजतात.

करून पाहा : सारख्या वजनाच्या झेंडूच्या फुलांचे दोन वाटे करा. एक ओल्या गोणपाटाच्या टोपलीत, दुसरा उघड्या टोपलीत ठेवा. सकाळी व संध्याकाळी वजन करा. कोणता वाटा किती हलका झाला?

आणि विचार करा : हाच प्रयोग रत्नागिरीच्या दमट हवेत केला, तर दोन वाट्यांतला फरक वाढेल की कमी होईल?