रापलेला चेहरा

फाल्गुन-चैत्राचे दिवस. पोलादपूरच्या डोंगरउतारावर राब भाजायचे काम चालू असते. बायामाणसे दिवसभर उन्हात राबतात. महिन्याभरात तोंड, मान आणि हात काळे पडतात. याला आपण रापणे म्हणतो.

माणूस का रापतो? आपल्या कातडीत एक काळा रंग तयार होतो. त्याला मेलॅनिन म्हणतात. ऊन लागले की कातडी हा रंग जास्त बनवते. तो रंग उन्हाचे किरण अडवतो. म्हणजे रापणे ही मळकट घाण नव्हे. ती शरीराने स्वतःवर धरलेली छत्री आहे.

तुम्ही सदऱ्याची बाही वर सारून पाहा. खांद्याजवळचा रंग आणि मनगटाचा रंग वेगळा दिसेल. खांद्याजवळचा तो तुमचा मूळ रंग. ऊन कमी झाले की रापलेला रंग काही महिन्यांत आपोआप फिका होतो.

पण ही छत्री लहान आहे. फार ऊन सोसले तर कातडी लवकर सुरकुतते. तोंडावर वांग उमटतात. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. म्हणून ऊन टाळावे. पण रापलो म्हणून लाजू नये.

आता एक खरी गोष्ट सांगतो. आमच्या कोंडातली एक मुलगी. तिला बघायला पाहुणे येणार होते. मी शेजारचा म्हातारा. सहज बोलून गेलो, "पोरी, उन्हानं किती काळी झालीस गं!" मी हसत बोललो. तिने ते मनाला लावून घेतले.

तिने बाजारातून एक मलम आणले. डबीवर ना कारखान्याचे नाव, ना पत्ता. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. सगळे खूश झाले. मलम संपले तसा चेहरा लाल झाला. आग होऊ लागली, पुटकुळ्या आल्या. तिने परत तेच मलम लावले. असे तीन वेळा झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "यात स्टिरॉइड आहे. या औषधाने कातडी पातळ होते. आमच्या सल्ल्याशिवाय ते लावायचं नाही." बरे व्हायला तिला वर्ष लागले. ती आई मला काही बोलली नाही. पण चूक माझ्या जिभेची होती.

काही मलमांत याहून वाईट वस्तू असते. ती म्हणजे पारा. पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंड बिघडवतो. अकोल्याच्या एका घरात असेच झाले. आई आणि दोन मुली गोरेपणाचे मलम लावत होत्या. 2022 साली तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपास झाला. मलमात पारा निघाला.

असे मलम लावणाऱ्या बाईच्या हातातून, टॉवेलातून पारा घरातल्या लेकरांनाही लागू शकतो.

गंमत पाहा. गोऱ्या लोकांच्या देशांत उलटे वेड आहे. तिथे माणसे मुद्दाम रापायला उन्हात पडतात. कोणी यंत्राच्या दिव्याखाली निजतात. त्या दिव्यांनी कातडीचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2009 साली ठामपणे सांगितले. त्याच वर्षी ब्राझील देशाने असली यंत्रे बंद केली. आता तिथले शहाणे लोक रापण्याऐवजी वरून लावायचा रंग वापरतात. तो पाच-सात दिवसांत उतरतो. पण तो रंग ऊन अडवत नाही.

ते गोरे काळे व्हायला धडपडतात, आपण गोरे व्हायला धडपडतो. नुकसान दोघांचे.

मग आपण काय करावे?

1. शक्य तितके काम सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर करा.
2. डोक्याला टोपी, मुंडासे किंवा पदर घ्या. लांब बाह्यांचे सुती कपडे घाला.
3. कातडी कोरडी पडली तर खोबरेल तेल लावा.
4. मलम घेताना डबी वाचा. कारखान्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत नसेल तर घेऊ नका.
5. मलम लावल्यावर पाय किंवा तोंड सुजले, लघवीला फेस आला, तर लगेच दवाखान्यात जा. डबी बरोबर न्या.

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकलात. डबीवरची ती बारीक अक्षरे तुमच्यासाठीच आहेत. वाचा आणि मगच पैसे द्या. आणि कोणा लेकीला "काळी झालीस" असे म्हणू नका. तिच्या कष्टाने घरात भात येतो.

प्रश्न

1. माणूस उन्हात का रापतो?
2. मुलीचा चेहरा मलम संपल्यावर का बिघडला?
3. पारा शरीरात काय बिघडवतो?
4. तुमच्या घरातली एक डबी घ्या. तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवा.