सांधे सुजले, तर कोणत्या रिपोर्टला किती पैसे?

सकाळी उठल्यावर बोटं तासभर वळत नाहीत, मनगटं सुजलेली आहेत आणि हे सहा आठवडे झाले तरी थांबत नाही, असं असेल तर तपासणीवर खर्च करावाच. मात्र ती कोणत्या क्रमाने केली, यावर हजार-दीड हजारात भागतं की पाच-सहा हजार जातात, ते ठरतं. वडीगोद्रीसारख्या गावातल्या माणसाला वर छत्रपती संभाजीनगरची वारीही मोजावी लागते.

जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं काही जणांच्या शरीरात स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार होतात. रक्तात ती शोधायच्या तपासण्या म्हणजे आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि एएनए. खासगी लॅबचे दर ठिकाणागणिक बदलतात, पण ढोबळमानाने आरए फॅक्टरला 300 ते 600 रुपये, अँटी-सीसीपीला 1000 ते 1800 आणि इम्युनोफ्लुरोसन्स पद्धतीच्या एएनएला 800 ते 1500 पडतात. एएनए ब्लॉट किंवा ‘प्रोफाइल’ 3000 ते 5000 पर्यंत जातं. लॅबचं ‘संधिवात पॅकेज’ घेताना यातलं काय काय त्यात घातलंय, ते आधी विचारा. पहिल्या फेरीत ब्लॉट घ्यायची गरज सहसा नसते. एएनए पॉझिटिव्ह आली आणि लक्षणं जुळली, तर डॉक्टर पुढचं लिहून देतात.

पहिली फेरी हिमोग्राम, ईएसआर, सीआरपी आणि आरए फॅक्टर एवढ्यावर ठेवा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. यातलं काय तिथे होतं ते अंबडच्या सरकारी दवाखान्यात विचारून मगच खासगीकडे वळा. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने तिथे शुल्क लागतं, पण खासगीच्या मानाने किरकोळ.

आता खरा घोळ. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात झाला, असं गावोगाव धरलं जातं. क्षयरोग, काविळीचा सी प्रकार, कधी नुसतं वाढलेलं वय, यांतही तो पॉझिटिव्ह येतो. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने दुखणारे सांधे आमवातासारखेच दिसतात, म्हणून मागच्या पावसाळ्यातला ताप डॉक्टरांना आवर्जून सांगा. उलट, आमवात असलेल्या शंभरातल्या वीस-तीस जणांत आरए फॅक्टर सापडतच नाही. अँटी-सीसीपी अधिक खात्रीची. पैसे मोजकेच असतील तर मी ते तिच्यावर घालवीन.

एएनएचंही तसंच. 1:160 पातळीला ती शंभरातल्या सुमारे पाच निरोगी माणसांत पॉझिटिव्ह येते. नुसती पाठ किंवा गुडघा दुखतो म्हणून ती करू नये. चेहऱ्यावर उन्हाने उठणारे लाल चट्टे, तोंडात वारंवार फोड, लघवीत प्रथिनं, केस गळणं असं काही सोबत असेल तर करावी. अशा लक्षणांमागे ल्यूपस हा आजार असू शकतो. तो ठरल्यावर पुन्हापुन्हा एएनए करण्यात अर्थ नाही. बदल दाखवते ती अँटी-डीएसडीएनए (सुमारे 800 ते 1500 रुपये) आणि लघवीची साधी तपासणी. गरोदर राहायचं असेल तर अँटी-रो विषयी डॉक्टरांना विचारा, कारण ती प्रतिपिंडं बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये 1996 पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर पाहणी केली. सांधे-स्नायू दुखणारे पुष्कळ निघाले, पण आमवाताचे रुग्ण हजारी पाचच्या आसपास. म्हणजे प्रत्येक दुखऱ्या गुडघ्यामागे प्रतिपिंडं शोधायची नसतात.

तज्ज्ञाची फी 500 ते 1000 धरा. पाचोड-आडूळमार्गे एसटीने संभाजीनगरला गेलात तर महिलांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. महात्मा फुले योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहे, तिच्या भरवशावर तपासणीचा हिशेब मांडू नका.

औषधं तुलनेने स्वस्त. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू झाली की डोळ्यांची तपासणी ठरल्या वेळी करावी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. पाकिटावर ‘सोमवार’ किंवा जो वार असेल तो मोठ्या अक्षरात लिहून घ्या.