ओवीतील स्मरण : ‘ख्रिस्तपुराणा’ची पाठपरंपरा

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा (१६१६) विचार आपल्याकडे बहुधा भाषेच्या अंगाने झाला आहे. प्रस्तुत टिपणात त्याच्या स्मरणकार्याचा विचार अभिप्रेत आहे. ‘पहिले पुराण’ जुन्या करारातील कथा सांगते, ‘दुसरे पुराण’ येशूचे चरित्र. पूर्वजांना दिलेले वचन ईश्वर पिढ्यान्‌पिढ्या पाळतो, हे या द्विदल रचनेचे सूत्र होय.

हे सूत्र श्रोत्यांच्या पिढ्यांत टिकले कसे? १६१६, १६४९ व १६५४ मधील मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज फर्मानाने गोव्यात स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली. तरीही हस्तलिखितांच्या नकला होत राहिल्या, ओव्या गायिल्या गेल्या. गोव्याहून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत हे पठण चालू राहिले. मंगळुरातच १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला.

छापील प्रत हरपली, ओवी उरली. वचनाचे स्मरण ग्रंथाने सांगितले आणि ग्रंथाचे स्मरण श्रोत्यांनी राखले. म्हणूनच ‘ख्रिस्तपुराणा’ची गणना केवळ मिशनरी वाङ्मयात न करता मराठीच्या पुराणश्रवणपरंपरेत करणे अगत्याचे आहे.