प्लास्टरच घातलं, मग बिलात 'सर्जरी' कशी?

प्रश्न : न्यू जर्सीत मुलाकडे असताना पाय मुरगळून घोट्याचं हाड मोडलं. फक्त प्लास्टर घातलं, पण बिलात २७७८६ या कोडसमोर 'सर्जरी' लिहिलंय. फसवणूक झाली का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, निश्चिंत राहा. अमेरिकेतल्या 'सीपीटी' या उपचारांच्या कोड-यादीत मोडलेल्या हाडावरचे उपचार, अगदी नुसतं प्लास्टरही, 'सर्जरी' विभागातच येतात. २७७८६ म्हणजे बाहेरच्या घोट्याचं हाड, ओढून बसवावं न लागता केलेला उपचार. बसवलं असतं तर २७७८८. चिरफाड करून प्लेट लावल्याचा कोड २७७९२. तो दिसला असता, तर जरूर भांडावं लागलं असतं. २७७८६ च्या रकमेत पहिलं प्लास्टर आणि सहसा ९० दिवसांच्या नेहमीच्या तपासण्या धरलेल्या असतात. त्याच डॉक्टरांनी अशा तपासणीचे पैसे पुन्हा लावले असतील, तर हरकत घ्या. एक्स-रेचे मात्र वेगळे लागतात. मुलाला तपशीलवार बिल मागायला सांगा आणि ते ताडून पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.