धांवणाऱ्या कुत्र्याचा फाटलेला स्नायू

अमरावती-अकोल्याकडील आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं शेत आहे, आणि शेत आहे तेथें बहुधा राखणीला कुत्रा असतो. त्यांत एखादा उंच पायांचा, चिंचोळ्या तोंडाचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा कारवानी असला म्हणजे मुलांना त्याचा फार अभिमान वाटतो. मुधोळच्या घोरपडे राजांनीं ह्या जातीचें विशेष संगोपन केल्यामुळें ती मुधोळ ह्या नांवानेंही ओळखली जाते. २००५ सालीं भारताच्या टपालखात्यानें तिचें चित्र असलेलें तिकीटही काढलें. पूर्वी हे कुत्रे सशाच्या शिकारीस नेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशा शिकारीस मनाई केली. परंतु कुत्र्याला कायदा कोण समजावणार? समोरून कांहीं पळालें कीं त्याची धांव सुटतेच, आणि अशाच एखाद्या धांवेंत मांडीचा स्नायू फाटतो. अशा वेळीं घरच्या माणसांनीं काय करावें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय करूं नये, तें येथें सांगावयाचें आहे.

घोडा भरधांव सुटला असतां प्रत्येक झेपेंत एकदां त्याचे चारी पाय जमिनीपासून सुटलेले असतात. ह्या कुत्र्यांचे मात्र दोनदां सुटतात: एकदां अंग आखडलेलें असतां, व एकदां तें धनुष्याप्रमाणें ताणलेलें असतां. हा रेटा मुख्यतः मागच्या मांड्यांतून येतो. मांडीच्या आंतल्या बाजूस ग्रॅसिलिस नांवाचा एक रुंद, पातळ स्नायू आहे. शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत तो फाटल्याचीं उदाहरणें पुष्कळ आढळतात. अंग तापण्यापूर्वीं एकदम घेतलेली धांव, वेगांतलें वळण, थकव्यांत पुन्हां केलेली दौड, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें होत. वऱ्हाडांत आणखी एक कारण पायाखालींच असतें. आपली काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून तिला खोल भेगा पडतात. भरधांव कुत्र्याचा पाय भेगेंत गेला कीं पाय थांबतो आणि अंग पुढें जातें. तुरीच्या कापणीनंतर उभे राहिलेले खुंटही असाच घात करतात.

स्नायू फाटतांच कुत्रा बहुधा केकाटतो. कधीं कधीं धांवेच्या भरांत त्याला कळतही नाहीं, आणि घरीं येऊन घटकाभर बसल्यावर उठतांना तो पाय उचलून धरतो. मांडी सुजते. एक-दोन दिवसांत विरळ केंसांखालीं काळेंनिळें रक्त साकळलेलें दिसतें. स्नायू पुरता तुटला असेल तर बोटांना तेथें खळगा लागतो. पाय मुळींच टेकवत नसेल किंवा वेडावांकडा लोंबत असेल तर हाड मोडल्याचा अथवा सांधा निखळल्याचा संभव असतो. गुडघ्यांतील बंध तुटला असतांही लंगडणें असेंच दिसतें. हा भेद ओटीवर बसून करावयाचा नाहीं, तें पशुवैद्याचें काम आहे. जिल्ह्यांतून सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि अकोल्यास स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे; अमरावतीहून ती सुमारें १०० किलोमीटर पडते. तुटलेला स्नायू शिवावा लागला तर तो लवकर शिवलेला बरा, म्हणून "चार दिवस वाट पाहूं" हें धोरण येथें महाग पडतें.

दवाखान्यांत नेईपर्यंत कुत्र्याला चालवूं नये. एरवीं कितीही गरीब असला तरी वेदनेनें व्याकुळ झालेला कुत्रा धन्यालाही चावतो. म्हणून त्याला ओकारी अथवा धाप नसेल तर तोंडाला मऊ फडकें सैलसर बांधून, पोत्यावर किंवा फळीवर ठेवून न्यावें. बर्फ फडक्यांत गुंडाळून मांडीवर १० ते १५ मिनिटें धरावा, असें दिवसांतून तीन-चार वेळां, पहिले दोन-तीन दिवस. बर्फ उघडा कातडीस लावूं नये.

ह्या पहिल्या दिवसांत शेक व मालीश दोन्ही वर्ज्य. तेल चोळल्यानें प्राण्याला बरें वाटेल अशी आपली प्रेमळ समजूत असते, पण ताज्या फाटीवर चोळणें म्हणजे थांबलेलें रक्त पुन्हां सुरू करणें होय. डागणी देणारेही भेटतात. आधींच्या दुखण्यांत भाजल्याची जखम तेवढी वाढते. सर्वांत मोठा धोका मात्र फडताळांतील गोळ्यांचा आहे. माणसाला चालणाऱ्या आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅकनें कुत्र्याच्या जठरांत व्रण पडतात आणि मूत्रपिंडें निकामी होतात. पॅरासिटामॉलही घरच्या अंदाजानें देऊं नये. (ज्या डायक्लोफेनॅकमुळें गिधाडें नाहींशीं झालीं व ज्याचा जनावरांसाठीं वापर २००६ सालीं बंद करण्यांत आला, तेंच हें औषध.) वेदनाशामक द्यावयाचें तें पशुवैद्यानें दिलेलेंच.

आतां खरी कसोटी. पहिल्या कांहीं दिवसांत सूज व रक्त ओसरतें, मग दोन-तीन आठवडे नवे तंतू व वण भरून येतो, आणि त्यानंतर कित्येक आठवडे तो वण हळूहळू बळकट होत राहतो. वेदना मात्र ह्या क्रमाच्या प्रारंभींच जाते! म्हणजे कुत्रा नीट चालूं लागतो तेव्हां आंतला सांधा अजून कच्चाच असतो. आमच्या नववींतील एका मुलानें आपला कुत्रा बारा दिवस मोठ्या निष्ठेनें बांधून ठेवला. बाराव्या दिवशीं लंगडणें दिसेना, म्हणून घरच्यांनीं कौतुकानें तो सोडला. धुऱ्यावरून मुंगूस गेलें आणि स्नायू त्याच जागीं पुन्हां फाटला. दुसऱ्या वेळचा वण जाड व आंखूड भरला. आतां त्या कुत्र्याला दुखत नाहीं, पण त्याची झेप तोकडी पडते व पाऊल टाकतांना आंत वळतें. तो मुलगा अजून त्याला रोज फिरावयास नेतो.

म्हणून सौम्य ताण असेल तर दोन-तीन आठवडे, अर्धवट फाटला असेल तर सहा ते आठ आठवडे, आणि शिवला असेल तर कांहीं महिने, असा धीर धरावयाची तयारी पाहिजे. पशुवैद्यानें होकार दिल्यावर आखूड दोरीनें पांच-पांच मिनिटें, दिवसांतून दोन-तीनदां, सपाट जागेवर सावकाश चालवावें. सूज पूर्ण गेल्यावर चालण्यापूर्वीं कोमट शेक देण्यास हरकत नाहीं. दर चार-पांच दिवसांनीं कांहीं मिनिटें वाढवावीं. फेरीचा निकाल त्याच वेळीं कळत नसतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कुत्रा अंथरुणांतून कसा उठतो तें पाहावें, आणि लंगडला तर एक पायरी मागें यावें. चालण्यानंतर दुडकी चाल, मग सरळ धांव, वळणें सर्वांत शेवटीं. वैशाखांत हें सर्व पहांटेस करावें. डांबरी रस्त्यावर हाताची पाठ पांच सेकंद ठेववत नसेल तर तेथें कुत्र्याचा पायही ठेवूं नये. बसून असलेल्या कुत्र्याची भाकर थोडी कमी करावी, कारण वाढलेलें वजन त्याच दुखऱ्या मांडीला उचलावें लागतें.

मुलांना ह्यांत एक काम सोपवितां येईल. शिंप्याच्या टेपानें दोन्ही मांड्यांचा घेर, एकाच उंचीवर, कुत्रा उभा असतां, दर रविवारीं मोजावा व वहींत तारखेनिशीं लिहावा. वापराविना दुखरी मांडी बारीक होते, आणि ती पुन्हां भरत आली कीं आंकडे जवळ येऊं लागतात. ती वही पशुवैद्याला दाखवावी, आणि दोरी सोडण्याचा दिवस त्याच्याकडून ठरवून घ्यावा.