गठ्ठा मशीन घेण्याआधी केंद्राचा हिशेब मांडा

सुका कचरा केंद्र उभारायचे ठरले की ग्रामसभेत पहिली विचारणा मशीनचीच होते: कॉम्पॅक्टर केवढ्याला पडेल? मुळात केंद्राला कॉम्पॅक्टर लागतच नाही. पालिकेच्या गाडीवरचा कॉम्पॅक्टर सगळा कचरा एकत्र दाबतो आणि डेपोवर नेऊन ओततो. ओल्या कचऱ्यात असा दाबला गेलेला पुठ्ठा भंगारवाला हातात घेत नाही. आपल्याला हवे ते बेलिंग मशीन, म्हणजे निवडलेला माल दाबून त्याचा गठ्ठा बांधणारा प्रेस. कोटेशन मागताना नेमके हेच नाव लिहा.

दाबायचे ते गाडीभाड्यासाठी. मोकळ्या बाटल्यांनी पिकअप शिगोशीग भरली तरी जेमतेम दोन-अडीचशे किलो माल जातो. गठ्ठे बांधले की तीच गाडी टनभर नेते. नगरहून पुणे सुमारे 120 किलोमीटर, आणि भाडे दोन्ही वेळा तेवढेच.

गावाच्या किंवा लहान नगरपंचायतीच्या केंद्राला 20 ते 25 टन दाबाचा उभा हायड्रॉलिक प्रेस पुरतो. बनावट आणि क्षमतेनुसार तो साधारण अडीच ते चार लाखांत बसतो, वर 18 टक्के जीएसटी. साडेतीन लाखांचे मशीन धरले तर कर धरून 4,13,000 रुपये होतात. एक गठ्ठा 50 ते 80 किलोचा. आडव्या ऑटोमॅटिक प्रेसची किंमत याच्या कितीतरी पट, आणि त्याला रोज काही टन माल लागतो. शिर्डीसारख्या, भाविकांच्या बाटल्यांचा ढीग रोज पडणाऱ्या ठिकाणीच त्याचा विचार करावा.

मशीनच्या किमतीत न दिसणारे खर्च आधी मोजा. प्रेसची मोटर बहुधा 7.5 एचपीची असते, तिला थ्री-फेज जोडणी लागते. महावितरणकडे अर्ज मशीन येण्याआधी करा, नाहीतर मशीन प्लास्टिकच्या वेष्टनातच पावसाळा काढते. खाली सिमेंट काँक्रीटचा पक्का ओटा हवा आणि वर पाऊस आत न येणारे शेड. पुठ्ठा भिजला की व्यापारी वजनात घट धरतो आणि दरही पाडतो. प्लॅटफॉर्म काट्याला 15 ते 30 हजार ठेवा. काटा स्वतःचा नसेल तर विक्रीचे वजन समोरच्याच्या शब्दावर सोडावे लागते, म्हणून काट्यात काटकसर नको. बांधायची पट्टी किंवा तार, 68 नंबरचे हायड्रॉलिक तेल, सील किट हे कायमचे खर्च.

आता महिन्याचा हिशेब. रोज 150 किलो विकण्याजोगा माल निघतो, पुठ्ठा-बाटल्या-पिशव्या मिळून सरासरी 12 रुपये किलो मिळतात, असे धरू. 26 दिवसांत 3,900 किलो, म्हणजे 46,800 रुपये. दोन महिलांना 450 रुपये रोजाने 23,400 जातात. मोटर दिवसाला दोन तास चालली तर 11 युनिट, 10 रुपये दराने महिन्याला तीन हजारांच्या आत. गाडीभाडे आणि पट्टी सहा हजार. हाती उरतात 14,400; मशीनचे पैसे फिटायला अडीच वर्षांच्या आसपास. तेच माल रोज 50 किलो असेल तर विक्री 15,600 रुपये. त्यात दोघींचा रोजही निघत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की रोज 100 किलोच्या आत माल असलेल्या गावाने प्रेस घेऊ नये. जंबो बॅगा, काटा आणि कोरडे शेड एवढ्यावर भागवावे आणि माल तालुक्याच्या केंद्रावर पाठवावा. किती माल निघतो हे अंदाजाने ठरवू नका. आठ दिवस घंटागाडीतला सुका कचरा प्रकारवार तोला.

निधीची रचनाही हेच सुचवते. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी 5,000 लोकसंख्येपर्यंतच्या गावाला माणशी 60 रुपये आणि त्यापुढच्या गावाला 45 रुपये धरले होते; त्यातला 30 टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा होता. म्हणजे 4,500 वस्तीच्या गावाला 2,70,000 आणि 6,000 वस्तीच्या गावालाही तेवढेच. एवढ्यात शेड, गाडी आणि प्रेस तिन्ही बसत नाहीत. प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रासाठी मात्र तालुक्याला 16 लाखांपर्यंत तरतूद होती. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात तालुके 14. एका केंद्राभोवती गावांनी माल आणून टाकण्याचा करार केला तर प्रेस दिवसभर चालू राहतो.

माल कसा आणायचा हे मजुरांना नीट शिकवा. बूच लावलेली पाण्याची बाटली दाबली की आतली हवा कोंडते. प्रेसची प्लेट वर उचलली की गठ्ठा फुगतो, पट्टी तुटते. बूच काढून वेगळ्या पोत्यात टाकायचे, ते वेगळे विकले जाते. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवल्या तर चांगला दर येतो, आणि दुधाच्या या जिल्ह्यात त्या भरपूर निघतात. शेतातला मल्चिंग पेपर मात्र मातीने माखलेला असतो. धूळ काढायच्या मशीनशिवाय तो घेऊ नका, माती पुढे प्लास्टिकचे तुकडे करणाऱ्या श्रेडरची पाती खाते. वेफर्सची चकचकीत पाकिटे बहुतेक भंगारवाले घेत नाहीत. ती जातात सिमेंट भट्ट्यांत, आणि त्या चंद्रपूर किंवा कर्नाटकातल्या वाडीकडे. इतक्या लांबचे भाडे कोण देणार हे आधी लेखी ठरवा.

मशीन घेताना दोन गोष्टी सोडू नका. दार उघडे असताना प्लेट खाली येता कामा नये, हे विक्रेत्याने चालवून दाखवायला हवे. त्या प्लेटखाली माणसाचा हात सहज सापडतो. शक्य तर नागापूर किंवा सुपा एमआयडीसीतून लवकर पोहोचणारा मेकॅनिक असलेला विक्रेता निवडा. ऑर्डरमध्ये लिहा की शेवटचे 10 टक्के पैसे तीन महिने सलग मशीन चालल्यावरच मिळतील.