एक नांव, दोन घरें

आपल्या रेडी गांवांत एखाद्या वाडीवर उभें राहून "आबा" अशी हाक मारिली, तर दोन घरांतून दोन आबा ओ देतील. तरीहि घोटाळा होत नाहीं. कारण उंबरठ्याच्या आंत "आबा" म्हणजे कोण, हें त्या घरच्या लेंकरासहि ठाऊक असतें.

संख्याशास्त्राच्या "आर" नामक संगणकभाषेंत हीच सोय आहे. ही भाषा न्यूझीलंडांतील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनीं रचिली. तिची १.०.० ही आवृत्ति २९ फेब्रुवारी २००० रोजीं प्रसिद्ध झाली. ती कोणासहि विनामूल्य मिळते.

ह्या सोयीचें मोल आम्हांस एका चुकीनें कळलें. रेडी व वेंगुर्लें येथील पावसाचे आंकडे आम्ही संगणकांत भरीत होतों. प्रथम रेडीचे आंकडे "पाऊस" या नांवानें ठेविले. नंतर वेंगुर्ल्याचेहि त्याच नांवानें ठेविले. यंत्रानें कांहींहि तक्रार न करितां पहिले आंकडे नाहींसे केले!

उपाय असा. प्रत्येक गांवासाठीं निराळें घर बांधावें. त्यास आपण "परिसर" म्हणूं. "न्यू.एन्व्ह" या आज्ञेनें रिकामा परिसर तयार होतो. एकास "रेडी" व दुसऱ्यास "वेंगुर्लें" अशीं नांवें द्यावीं. मग "असाइन" या आज्ञेस तीन गोष्टी सांगाव्या: नांव, मूल्य व परिसर. समजा, एके दिवशीं रेडींत ४० व वेंगुर्ल्यांत ५५ मिलिमीटर पाऊस पडला. दोन्ही मूल्यांचें नांव "पाऊस" हेंच ठेविलें, तरी तीं आपापल्या परिसरांत सुखरूप राहतात. "गेट" या आज्ञेनें रेडीचा "पाऊस" मागितल्यास ४० च मिळतात. कोणत्या घरांत कोणतीं नांवें आहेत, हें "एलएस" ही आज्ञा सांगते.

येथें एक सावधगिरी हवी. मागितलेलें नांव घरांत न सांपडल्यास "गेट" तेवढ्यावर थांबत नाहीं. ती त्या घराच्या पालक परिसरांत शोध घेते. रेडीची नोंद करण्यास आपण विसरलों, आणि बाहेर "पाऊस" या नांवाचा जुना आंकडा पडलेला असला, तर तोच रेडीचा म्हणून आपल्या हातीं येतो! यासाठीं "इन्हेरिट्स" यास "फॉल्स" हें मूल्य द्यावें. मग नांव न सांपडतांच यंत्र चूक दाखवून थांबतें. अशी उघड झालेली चूक सुधारतां येते; दडून राहिलेली मात्र अखेरपर्यंत हिशेब नासविते.

आमचे रेडीचे आंकडे वांचले ते हातानें लिहिलेल्या वहीमुळें. ती वही आम्हीं अद्याप टाकिलेली नाहीं; तुम्हींहि आपली टाकूं नये.